पाण्याची रेघ: चालू असलेली सात चित्रं (त्यातलं एक अडलेलं)

पेठकर | १४ जून, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. चार वर्षं इथं नुसता वाचतोय. धागा पहिलाच काढतोय, सांभाळून घ्या.

शाळेत चित्रकला शिकवायचो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांच्या स्थिरचित्रातल्या तांब्याची कड सरळ करण्यात पस्तीस वर्षं गेली. स्वतःची चित्रं व्हायची ती मे महिन्याच्या सुट्टीत. आता रिटायर झालोय, वेळच वेळ आहे, म्हणून एक मालिका हातात घेतलीय. सात चित्रं. तीन झाल्यात जमा, तीन अर्धी, एक पार अडलंय. झालेली चित्रं सगळेच दाखवतात. मला अर्धी दाखवायचीत, कारण अडलोय तिथं कुणाचं डोकं चाललं तर बघावं.

विषय पाण्याची रेघ.

आमचं घर कोल्हापुरात गंगावेशीच्या खालच्या अंगाला, पंचगंगेकडं उतरताना. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३, हे आकडे आमच्या भागातल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ होतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही बोटीतून बाहेर पडलो. मी, सौ. आणि भाजीच्या पिशवीत मांजर. परत आलो तेव्हा घरात पाणी नव्हतं, रेघ होती. सोप्याच्या भिंतीवर, कपाटावर, देव्हाऱ्याच्या चौकटीवर, फ्रिजवर, दाराआडच्या कॅलेंडरवर, सगळीकडं एकाच उंचीला. माझ्या छातीएवढी. खाली चहाच्या चोथ्याचा रंग, वर आमचा जुना पोपटी डिस्टेंपर. सूत मारून दोन रंग द्यावेत तसं.

सूत मारणं म्हणजे काय ते पेंटरच्या घरात वाढलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. वडील पेंटर. कोल्हापुरात ज्या अर्थानं पेंटर म्हणतात तसले: थिएटरचे बोर्ड, दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचं लिखाण, गणपतीतले सीन. दोरी गेरूच्या पाण्यात भिजवायची, दोन टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची. फट्. सरळ रेघ. ती दोरी रिळासकट माझ्याकडं आहे. सातही चित्रांची सुरुवात त्याच दोरीनं केलीय.

घर धुवून झाल्यावर गल्लीत हिंडलो. आमच्याकडं रेघ छातीला, समोरच्यांच्या उंच जोत्याच्या घरी गुडघ्याला, बोळाच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीत माझ्या डोक्याच्या वर. आधी वाटलं पाणी कुठं जास्त कुठं कमी आलंय. मग पेटली. रेघ वरखाली नाही, घरं वरखाली आहेत. रेघ एकच. तरी गवंड्याकडून लेव्हलची नळी आणली आणि एक टोक आमच्या भिंतीवर, दुसरं समोरच्या भिंतीवर धरून बघितलं. बोटभरही फरक नाही.

एवढंच आहे मालिकेत. चित्रांचे आकार लहानमोठे, पण टांगताना सातही चित्रांतली रेघ एका पातळीत यायला पाहिजे. चौकटी वरखाली होऊ देत.

[प्रचि (प्रकाशचित्र) १] देव्हारा. झालंय.
[प्रचि २] गिरणी. झालंय. काळा पट्टा आहे तो पट्टाच आहे, सावली नाही.
[प्रचि ३] घाटावरची दीपमाळ, पाणी उतरताना. इथं रेघ ओली आहे.
[प्रचि ४] कॅलेंडर. अर्धं. ऑगस्टचं पान आहे, तारखा अर्ध्या विरघळलेल्या.
[प्रचि ५] जिन्याच्या वरच्या पायरीला बांधलेली म्हैस. अर्धी. म्हैस छान आली, जिना बिघडला.
[प्रचि ६] संध्यामठ. नुसती पेन्सिल. यावर नंतर लिहितो.
[प्रचि ७] पाटी. हीच अडलीय.

पाटीची गोष्ट अशी. मागच्या खोलीत वडिलांनी अर्धवट सोडलेली एक सागवानी पाटी होती, पाच फूट बाय दीड. त्यावर 'श्री' पूर्ण रंगवलेला, लाल, पिवळ्या शेडचा. पुढची अक्षरं खडूनं आखलेली. मग त्यांना दम्यानं धरलं, आणि ते काम तसंच राहिलं. पुरात खडू धुवून गेला, ऑइल पेंटचा 'श्री' राहिला. दुकानाचं नाव काय होतं मला आठवत नाही. चित्रात 'श्री' काढला, रेघ काढली, आणि उरलेल्या चार फुटांचं काय करायचं ते आठ महिने कळत नाहीये. रिकामं ठेवलं तर चित्र अर्धवट वाटतं. काही भरलं तर खोटं वाटतं.

बोला.

उंडगा_कोल्हापूरचा | १४ जून, रात्री ११:०२

मास्तर, नाद खुळा! म्हैस बघून लई हसलो आणि मग हसायचं थांबलं. आमची पण म्हैस अशीच पहिल्या मजल्यावर चढवली होती. चढवली चार माणसांनी. उतरवायला अकरा लागली, ती उतरायलाच तयार नव्हती.

अनामिका_२ | १५ जून, सकाळी ८:१५

फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली. प्रचि २ मधला काळा खालपासून वरपर्यंत एकसारखा नाहीये, कणीदार दिसतोय. कुठला रंग आहे?

पेठकर | १५ जून, सकाळी ९:३०

@अनामिका_२, बरोब्बर पकडलंत. तो गाळ आहे. खरा, घरातला.

पूर ओसरल्यावर सोप्यातून घमेली भरभरून गाळ काढला, त्यातला थोडा डालड्याच्या डब्यात ठेवून दिला होता. का ठेवला ते तेव्हा माहीत नव्हतं. सौ. ना अजून माहीत नाही. बादलीत पाणी घालून ढवळायचा, मिनिटभर थांबायचं, रेती खाली बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं आणि ते रात्रभर निवळू द्यायचं. असं तीन-चार वेळा केलं की तळाशी लोण्यासारखा बारीक थर उरतो. तो वाळवून, खलात घोटून, मलमलीतून चाळला. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून त्यात कालवला, वर दोन थेंब मध. झाला जलरंग. कागद ३०० जीएसएम, कॉटनचा. साध्या कागदावर हा गाळ पोपडे धरतो.

ओलसर | १५ जून, दुपारी १:१०

काका, पुराच्या गाळात ड्रेनेजपासून काय काय असतं, हातमोजे घालत जा. आणि डिंक आणि मध म्हणजे बुरशीला आमंत्रणच. पावसाळ्यात तर विचारूच नका. लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब घाला. गाळ कढईत भाजून घेतला तर आतलं सेंद्रिय जळून जाईल, पण रंग बदलेल. पिवळसर माती तापवली की तिच्यातलं लोह लालीकडं झुकतं. विटा लाल होतात त्याच कारणानं.

आणि काळ्या मातीचा अंश असला तर जाड थराला तडे जाणार. ती ओली झाली की फुगते, वाळली की आवळते. शेतात भेगा पडतात तशाच कागदावरही पडतील.

पेठकर | १५ जून, रात्री ९:५५

@ओलसर, तडे पडलेच. गिरणीच्या चित्रात खालच्या कोपऱ्यात बघा. आधी जीव खालीवर झाला, आता ते मला चित्रातला सगळ्यात खरा भाग वाटतात. लवंगेचं तेल आजच आणलं. अर्धा डबा कढईत भाजून बघितला, फिकट विटकरी रंग आला. कॅलेंडरला तोच वापरणार. (कढई गॅलरीत लपवली आहे.)

मिरजमेल | १६ जून, सकाळी ७:४०

प्रेरणा कुठून हे तुम्ही सांगितलंत, पण कुठला चित्रकार डोक्यात असतो का काम करताना? कोल्हापूर म्हटलं की आबालाल रहिमान आठवतात, आणि तुमच्या यादीत संध्यामठ आहे म्हणून विचारतो.

पेठकर | १६ जून, रात्री १०:२०

@मिरजमेल, या प्रश्नाची वाटच बघत होतो.

आबालाल. दुसरं नाव नाही. १९३१ साली गेले. कोटितीर्थ तलावाच्या काठाला राहायचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून आलेले, शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार म्हणून सांभाळलेले. १९२२ ला महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालनी आपली चित्रं कोटितीर्थात बुडवली असं आमच्याकडं सांगतात. शेवटी शेवटी रंगाला पैसे नसायचे तर पानाफुलांचे, दगडमातीचे रंग स्वतः करायचे, असंही सांगतात. लहानपणी वडील मला कोटितीर्थावर न्यायचे आणि पाण्याकडं बोट करून म्हणायचे, "खाली चित्रं हाईत." मी खरंच वाकून बघायचो. शेवाळ दिसायचं.

गाळाचा डबा का ठेवला असं वर म्हटलं ना, माझ्या अंदाजानं त्याचं उत्तर तिथं आहे. पाण्याखाली चित्र असतं हे मला कुणी शिकवलं नाही. मला ते ऐकूनच माहीत होतं.

संध्यामठ त्यांनी काढलाय. रंकाळ्यातला तो दगडी मंडप, पाणी चढलं की बुडतो, उतरलं की वर येतो. त्याच्या खांबांवर दरवर्षीच्या रेघा आहेत, एकावर एक. आमच्या घराला पाच वर्षांत दोन रेघा मिळाल्या (२०२१ ची वीतभर वर आहे), मठाला किती असतील मोजून बघा. मी तीन वेळा मोजायला बसलो, तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. आबालालच्या चित्राच्या वाटेला मी जाणार नाही, तेवढी अक्कल आहे. मी फक्त एक खांब काढणार आहे, अगदी जवळून.

उंडगा_कोल्हापूरचा | १६ जून, रात्री १०:४१

आमचा आजा पण हेच सांगायचा कोटितीर्थाचं. तो पुढं म्हणायचा एक चित्र त्यानं स्वतः वर काढलंय. आजा लई थापा मारायचा.

सरळमार्गी | १७ जून, सकाळी ११:००

चित्रं चांगली आहेत पण मूळ मुद्दा असा की हे पूर का येतात यावर कुणी बोलायला तयार नाही. धरणं, पूररेषेतली बांधकामं, अलमट्टी

पेठकर | १७ जून, सकाळी ११:२०

@सरळमार्गी, साहेब, मुद्दा मोठा आहे आणि त्याला धागाही मोठा लागेल. काढा, मी येतो. इथं नको.

आडवीतिडवी | १८ जून, सायंकाळी ६:३०

सर, मी कलावस्तूंच्या जतनाचं शिक्षण घेतेय. पाटीबद्दल लिहिते, थोडं लांबेल.

४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीचा पूर शहरात घुसला. सांता क्रोचे चर्चच्या संग्रहालयात चिमाबुएनं तेराव्या शतकात रंगवलेला मोठा लाकडी क्रूस होता. येशूच्या देहाचा, चेहऱ्याचा मिळून साठ टक्क्यांच्या आसपास रंग गेला. नुसता मळला नाही, सुटून वाहून गेला. दहा वर्षं त्यावर काम चाललं. आणि गेलेल्या जागी काय करायचं, हाच तुमचा प्रश्न त्यांच्यापुढं होता. पुन्हा रंगवायचं म्हणजे नक्कल. उघडं लाकूड ठेवायचं तर डोळ्यांना फक्त भोकंच दिसणार. त्यांनी गेलेल्या जागा बारीक बारीक रेघांनी भरल्या. रंग आजूबाजूच्या रंगांचीच सरासरी काढून घेतलेले. लांबून बघितलं तर त्या जागा गप्प बसतात, जवळ गेलं की स्पष्ट दिसतं की इथलं गेलंय.

तुम्ही त्या चार फुटांत तसं काही करून बघाल का?

खडूफळा | १८ जून, रात्री ९:०५

सर, ओळखलंत का? २००४ ची बॅच, शेवटचा बाक, तुमचा खडू चोरणारा.

मला एक दिसलं ते सांगतो. प्रचि ७ मोठा करून बघा. पाण्याची रेघ 'श्री' च्या डोक्यावरून जाते आणि पुढं रिकाम्या पाटीवर तशीच जाते. सर, ती शिरोरेषा आहे! अक्षरं गेली, शिरोरेषा पुरानं ओढून ठेवली. आणखी काही भरायची गरजच नाही.

अनामिका_२ | १८ जून, रात्री ९:२०

अगं आई! काटा आला. +१

उंडगा_कोल्हापूरचा | १८ जून, रात्री ९:२२

शेवटच्या बाकावरनं थेट बोर्डात पहिला.

पेठकर | १९ जून, पहाटे ५:५०

रात्रभर झोप नाही. @खडूफळा, तुझे चोरलेले सगळे खडू माफ. आठ महिने चित्रासमोर बसतोय आणि मला दिसलं नाही. @आडवीतिडवी, तुमचंही करून बघतो, बारीक रेघांचं. दोन्ही एकत्र जमतं का बघू. आज शिरोरेषा जरा खाली घेऊन 'श्री' ला नीट चिकटवतो.

इंजिनेर_काका | २१ जून, दुपारी ४:००

पाटबंधारे खात्यात हयात गेली, म्हणून दोन शंका.

एक. रेघ एकच असते हे गल्लीपुरतं ठीक. नदीला उतार असतो, त्यामुळं वाहत्या पुराची पातळी वरच्या गावात वेगळी, खालच्या गावात वेगळी. घाट, पेठ, गिरणी एवढ्या टापूत पाणी तुंबून उभं होतं, तिथं नळीला फरक दिसणार नाही. पण संध्यामठ रंकाळ्यात आहे, रंकाळा हे वेगळं पाणी आहे. त्याची रेघ तुमच्या रेघेला जुळवून टांगणार असाल तर ते शास्त्राला धरून नाही.

दोन. तुम्ही म्हणता पाटी सागवानी. वाळलेलं सागवान पाण्यावर तरंगतं. कपाट, देव्हारा, भिंत जागेवर राहिले म्हणून त्यांच्यावर रेघ त्याच उंचीला आली. पाटी तर पाण्याबरोबर वर गेली असणार आणि उतरताना कुठंतरी टेकली असणार. मग तिच्यावर रेघ इतकी सरळ, काठाला समांतर, बरोबर 'श्री' च्या डोक्यावर कशी?

पेठकर | २१ जून, रात्री ८:१५

@इंजिनेर_काका, पहिला मुद्दा मान्य, संध्यामठ वेगळ्या भिंतीवर टांगेन. दुसऱ्याबद्दल इतकंच म्हणेन की पाटी आमच्या घरात होती, मी डोळ्यांनी बघितलीय. मोबाइलवर फोटोही आहे. चित्र तोच फोटो समोर ठेवून काढलंय.

इंजिनेर_काका | २१ जून, रात्री ८:४०

फोटो समोरून घेतलाय की बाजूनं? पाटी आहे का अजून? असेल तर एकदा बघून घ्या एवढंच म्हणणं. राग नसावा.

पेठकर | २१ जून, रात्री ८:५५

आहे. गोणपाटात बांधून मागच्या खोलीत, चार ट्रंकांच्या मागं. फोटो बाजूनं आहे, पण मला आठवतंय ना.

इनाच्या_काठी | २ जुलै, रात्री ११:३०

मी मूळची सांगलीची, आता जर्मनीत पासाउला. इथं डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एकत्र येतात, त्यामुळं पूर म्हटलं की गावाला सांगली-कोल्हापूरसारखाच पोटात गोळा. जुन्या नगरपालिकेच्या इमारतीच्या भिंतीवर दर मोठ्या पुराची खूण आणि साल कोरलंय. सगळ्यात वर १५०१. २०१३ ची खूण त्याच्या खालोखाल, माझ्या हाताच्या कितीतरी वर. पर्यटक खुणेखाली उभं राहून फोटो काढतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या वखारभागातल्या भिंती आठवल्या. आपल्याकडं लोक रेघ पुसतात, पुसली नाही तर घराला भाडेकरू मिळत नाही. तुमच्या घरातली आहे का अजून?

पेठकर | ३ जुलै, सकाळी ९:१०

सोप्यातली आहे. बाकी खोल्यांतल्या सौ. नी पहिल्याच दिवाळीला रंगवून घेतल्या. सोप्यातल्या भिंतीवरून दर दिवाळीला भांडण होतं. तिचं म्हणणं, "चित्रं काढलीसा न्हवं सात? मग भिंत कशाला आठवी?" याला माझ्याकडं उत्तर नाही. भिंत अजून आहे.

प्रगती: कॅलेंडर पूर्ण [प्रचि ८]. भाजलेल्या गाळाचा विटकरी तिथं बसला. जिना दुरुस्त करताना म्हशीचा कान गेला, आता ती एका कानानं ऐकतेय. पाटीवर शिरोरेषा खाली घेतली [प्रचि ९]. सगळं जुळतंय. तरी समोर बसलो की ते चित्र बघवत नाही. का ते सांगता येत नाही.

मिरजमेल | ३ जुलै, दुपारी १२:३०

प्रचि ९ फार देखणं आहे, पण स्पष्ट बोलू का? दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ वाटतंय. गिरणीच्या चित्रात जे ठोसकन लागतं ते इथं नाही.

खडूफळा | ३ जुलै, दुपारी १:००

माझी कल्पना होती म्हणून मला वाईट वाटायला पाहिजे, पण मिरजमेल यांचं पटतंय.

उंडगा_कोल्हापूरचा | २५ जुलै, सायंकाळी ७:००

मास्तर कुठं आहात? पंचगंगेनं धोका पातळी ओलांडलीय. चित्रं हलवलीत का?

पेठकर | २७ जुलै, दुपारी ३:२०

सगळे सुखरूप. बातम्या बघताय ना. पाणी खालच्या बोळापर्यंत आलंय, आमच्या जोत्याला अजून शिवलं नाही. तरी २०१९ चा धडा म्हणून परवा सगळं वर नेलं. शेजारची दोन पोरं मदतीला आली. आधी चित्रं, मग धान्य, मग ट्रंका, आणि ट्रंकांच्या मागनं गोणपाटातली पाटी.

जिन्याच्या वळणावर गोणपाट अडकून फाटलं. पोरानं पाटी खिडकीशी उभी केली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा ती मला उजेडात, समोरून दिसली.

रेघ तिरकी आहे.

डाव्या खालच्या कोपऱ्याजवळून सुरू होते, 'श्री' ला पोटातून कापते आणि उजवीकडं वरच्या काठाला जाऊन भिडते. रेघेखालचा सगळा भाग चोथ्याच्या रंगाचा. वर, डावीकडच्या त्रिकोणात लाकूड स्वच्छ. आणि त्या स्वच्छ लाकडावर, 'श्री' च्या पुढं दीडेक इंच सोडून, खडूचा एक काना. नुसता काना. बाकी सगळं गेलं, तो राहिलाय.

@इंजिनेर_काका, जिन्यातच बसलो. पाणी वर होतं तेव्हा पाटी पाठीवर तरंगत राहिली असणार, आणि उतरताना एक टोक खाटेवर टेकलं, दुसरं खाली गेलं. त्या अवस्थेत पाणी थांबलं. म्हणजे रेघ आडवीच होती, पाटी तिरकी होती. फोटो मी बाजूनं घेतला, त्यात रेघ सरळ झाली. उरलेली माझ्या डोक्यानं सरळ केली. पस्तीस वर्षं पोरांच्या कडा सरळ करत आलो, इथंही केली.

तुमच्यावर उगीच चिडलो होतो. माफी असावी.

इंजिनेर_काका | २७ जुलै, दुपारी ४:०५

अहो माफी कसली. आधी पाण्याकडं लक्ष ठेवा. काना राहिला म्हणजे वरचं टोक शेवटपर्यंत कोरडं असणार. त्याचा फोटो काढून ठेवा, पुसला जाईल.

पेठकर | ११ ऑगस्ट, रात्री ९:४५

पाणी जोत्याच्या पहिल्या पायरीला शिवून गेलं. यंदा नवी रेघ नाही.

पाटी नव्या कागदावर पहिल्यापासून काढली [प्रचि १०]. या वेळी पाटी समोर ठेवून. सूत मारताना दोरीची दोन टोकं वेगवेगळ्या उंचीला धरायची, तर हात ऐकेना. तीन वेळा आडवीच धरली. शेवटी सौ. ला दुसरं टोक धरायला लावलं, म्हटलं तू वर धर, मी खाली धरतो. फट्.

@आडवीतिडवी, तुमच्या बारीक रेघा रेघेखालच्या भागात वापरल्या, गाळाच्याच दोन छटांत. रिकामी जागा आता रिकामी वाटत नाही, बुडालेली वाटते. @खडूफळा, शिरोरेषा गेली. तुझ्यासाठी काना आहे.

आडवीतिडवी | ११ ऑगस्ट, रात्री १०:१०

सर, हे बघून मी फोन खाली ठेवला आणि जरा वेळानं परत उचलला. काना तुम्ही खडूनंच काढलाय ना? त्यावर फिक्सेटिव्ह (खडू पक्का करायचा फवारा) मारू नका, खडूचा उजळपणा जाईल. चौकटीत काच आणि कागद यांच्यामध्ये अंतर ठेवा म्हणजे झालं.

अनामिका_२ | ११ ऑगस्ट, रात्री १०:३०

श्री आणि मग काना असलेलं काहीतरी. श्रीराम? रामला काना आहे!

उंडगा_कोल्हापूरचा | ११ ऑगस्ट, रात्री १०:३४

काना दीड इंच सोडून आहे म्हणालेत, तेवढ्यात 'र' बसतोय. पण 'ब' पण बसतोय. श्री बालाजी ट्रेडिंग?

पेठकर | ११ ऑगस्ट, रात्री १०:५०

श्रीराम, श्री बालाजी, श्री दादा, श्री माता. गंगावेशीत तेव्हा सगळी होती. जाऊ दे.

मिरजमेल | १२ ऑगस्ट, सकाळी ८:००

आता हे ठोसकन लागतं. पण एक अडचण दिसतेय. तुमची अट अशी होती की सगळ्या चित्रांतल्या रेघा एका पातळीत यायला हव्यात. याच्यात रेघ तिरकी आहे. मग टांगणार कसं?

पेठकर | १२ ऑगस्ट, सकाळी ८:४०

तेच करून बघतोय. सोप्यातल्या भिंतीवरच, खऱ्या रेघेला धरून सहा चित्रं लावलीत (संध्यामठ समोरच्या भिंतीवर, काकांच्या आज्ञेनं). पाटीची चौकट तिरकी टांगली की रेघ बरोबर आडवी होते आणि बाकीच्या रेघांशी जुळते. पाटी जशी खाटेवर टेकली होती तशी. दोन खिळे, एक वर एक खाली, नळी लावून तपासलं.

फक्त काल संध्याकाळपासून सौ. नी ती दोनदा सरळ केलीय. आणि आज सकाळी दूधवाल्यानं.